राजाला शिक्षा द्या

जोसाया वेल्बी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. अख्ख्या जयपुरात ते एकाच घरात माहीत होतं, विद्याधर नगरमधल्या श्रीपादरावांच्या. तिथंही त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका लहान गावात तो खोगिरं शिवायचा, म्हणून श्रीपादराव त्याला जीनगर म्हणत. सून विनया भाजी निवडता निवडता विचारायची, "बाबा, जीनगराची किती पानं झाली आज?" माळ्यावरच्या भाडेकरूची चौकशी करावी तशी.

खोगिरं शिवता शिवता या माणसाला राजांचा राग यायला लागला. घोड्यावरची बैठक मी राजाची आणि गाडीवानाची एकाच दोरीनं मोजतो, आणि दोन बोटांहून जास्त फरक मला कधी सापडलेला नाही, असं त्यानं छापून टाकलं. इंग्लंडात त्याचा पुतळा करून जाळला. तो पळून फ्रान्सला गेला. तिथं लोकांनी राजाला गादीवरून नुकतंच खाली ओढलं होतं, आणि या परक्या खोगीरवाल्याला त्यांनी मोठ्या मानानं आपल्या सभेत बसवलं. मग राजाचं करायचं काय, हा प्रश्न आला. मारा, असा एकच गलका होता. जीनगर उठला आणि म्हणाला, राजाला शिक्षा द्या, जीव घेऊ नका.

झालं. ज्यांनी मानानं बसवलं होतं त्यांनीच फितूर म्हणून तुरुंगात घातलं. आणि इंग्लंडात तो राजाचा खुनी म्हणूनच राहिला. दहा महिन्यांनी सुटला तेव्हा खंगून म्हातारा झाला होता. मेला तेव्हा मयताला पाच माणसं होती. पुढची दोनशे वर्षं राजांच्या बाजूचे त्याला राजाचा मारेकरी म्हणत राहिले आणि क्रांतीच्या बाजूचे राजाचा वकील. दोघांनाही तो उभा करायला सोपा होता, कारण त्यानं लिहिलेलं दोघांपैकी कोणी वाचलं नव्हतं.

वाचलं ते कऱ्हाडच्या श्रीपादनं. कॉलेजात असताना वाचनालयानं रद्दीत काढलेलं एक इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती लागलं, पहिली वीस पानं नसलेलं. तेव्हापासून जीनगर मानेवर बसला तो उतरलाच नाही.

श्रीपादराव एका विमा कंपनीत अधिकारी झाले आणि एक्क्याऐंशी साली बदलीवर जयपुरात आले. स्टेशनवरून येताना एका सरकारी इमारतीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी होती. ती वाचून त्यांच्या पत्नी मधुमतीबाई म्हणाल्या, "अहो, शिक्षा द्यायला एवढी मोठी कचेरी? माणसं फार वाह्यात दिसतात इथली." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हा विनोद जयपुरातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षं चालला. पुढं 'शिक्षा संकुल' नावाची मोठी वसाहतच उभी राहिली, तेव्हा मंडळाच्या गणपतीत कोणीतरी हटकून विचारायचं, "मुलगा कुठं असतो? शिक्षा संकुलात? किती वर्षांची झाली?" मग मधुमतीबाई गेल्या, त्या पिढीतली माणसं पुण्याला नाहीतर मुलांकडं गेली, आणि विनोद सांगायला कोणी उरलं नाही. आजी वारली तेव्हा नात मैत्रेयी तीन वर्षांची होती.

जीनगरापायी श्रीपादरावांनी नोकरीतही एकदा हात पोळून घेतले होते. सत्त्याऐंशी साली संपात एका टायपिस्टनं मॅनेजरच्या थोबाडीत मारली, आणि चौकशी यांच्याकडं आली. मॅनेजरला तो टायपिस्ट नोकरीतून गेलेला हवा होता. युनियनला त्याच्या केसालाही धक्का नको होता. श्रीपादरावांनी लिहिलं: शिक्षा द्यावी, पोटावर मारू नये. तीन वर्षं पगारवाढ बंद, नोकरी शाबूत. त्यानंतर मॅनेजरनं त्यांची बढती अडवली आणि युनियनच्या लोकांनी त्यांच्याबरोबर चहा प्यायचं सोडलं. महाराष्ट्रात बदली काही मिळाली नाही. ते जयपूरचे झाले ते असे. म्हणून शिक्षा हा शब्द त्यांच्या लेखी पुस्तकी नव्हता, त्याची किंमत त्यांनी भरली होती.

जीनगराचं चरित्र त्यांनी नोकरीत असतानाच लिहायला घेतलं होतं. निवृत्तीनंतर त्याला वेग आला आणि अकरा वह्या भरल्या. पहिल्या तीन मधुमतीबाईंनी वाचल्या, समासात पेन्सिलीनं 'सोपं करा', 'किती लांबण' असे शेरे मारत. पुढच्या आठ कोणी वाचल्या नाहीत. दोन प्रकाशकांनी नम्रपणे परत पाठवल्या. मुलगा कौशिक बँकेत, सध्या गुवाहाटीला. तो वह्यांना बाबांची खोगीरभरती म्हणायचा, आणि कधीतरी बघू म्हणायचा. मग श्रीपादरावांच्या डोळ्यांचा मधला पडदा गेला. कडेकडेनं माणसं दिसत, दार दिसे, अक्षर मात्र दिसत नसे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्याच वहीवरून हात फिरवण्यापलीकडं त्यांना काही करता येत नव्हतं.

अशा वेळी मैत्रेयीनं वही मागितली.

मैत्रेयी सव्वीस वर्षांची, गोपालपुरा बायपासवरच्या प्रज्ञापथ नावाच्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इतिहास शिकवायची. तिचे व्हिडिओ मुलं खोलीवर बसून बघायची. मराठी ती घरात बोलायची, अडखळत, हिंदीचा टेकू घेत. वाचायला कोणी शिकवलं नव्हतं, पण लिपी एकच, त्यामुळं येतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनंही.

"आजोबा, मी तुमच्या जीनगरवर एक लेक्चर करू? हिंदीमध्ये. मतलब, मुलांना युरोपचे तेच तेच चार लोक माहीत आहेत."

 श्रीपादरावांनी तिसरी वही काढून दिली, सभेतल्या भाषणाची. "एवढंच कर. यात सगळा जीनगर आहे."

त्या वहीत ते भाषण असं होतं: राजाला शिक्षा द्या, जीव घेऊ नका. त्याचा मुकुट काढा, नाव काढा आणि सात वर्षं त्याला माझ्या दुकानात बसवा. हातात सुई द्या. स्वतः शिवल्याशिवाय त्याला भाकरी मिळू नये. शिक्षा झालीच पाहिजे, कारण शिक्षेवाचून माफी म्हणजे पुन्हा मुजरा.

दहा दिवसांनी विनयानं जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला आणि व्हिडिओ लावला. मैत्रेयीचा आवाज घुमला, "उस सभा में एक ही आदमी खड़ा हुआ। उसने कहा, राजा को शिक्षा दो, उसकी जान मत लो!" श्रीपादरावांनी डोळे मिटून ऐकलं. सुई आली, दुकान आलं, भाकरी आली. साठ वर्षं एकट्यानं सांभाळलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडून बोलत होता. नऊ मिनिटं संपली तेव्हा ते रडत होते.

"अगदी बरोबर पकडलंस," ते मैत्रेयीला म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडं नाही."

आणि तो नव्हताच. चव्वेचाळीस वर्षं जयपुरात काढलेल्या, डोळे होते तोवर रोज सकाळी हिंदी पेपर वाचलेल्या या माणसाला शिक्षा म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. पण वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, आणि आपलं वाक्य माणूस आपल्याच कानानं ऐकतो.

व्हिडिओ भलताच चालला. दोन लाख लोकांनी पाहिला. क्लासचे संचालक मुरलीधरजी इतके खूश झाले, की येत्या रविवारी क्लासच्या वार्षिक समारंभात श्रीपादरावांना शाल द्यायचं ठरलं आणि मैत्रेयीला इतिहास विभागाची प्रमुख करायचंही. श्रीपादरावांनी जुना बंद गळ्याचा कोट इस्त्रीला पाठवला. उगाच हरखलेला म्हातारा घरात कसा वावरतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

बुधवारी विनया त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन चालली होती. गोपालपुऱ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"बाबा, तुमचा जीनगर! केवढा मोठा बोर्ड लावलाय. पांढऱ्या टोपातला कोणीतरी गोरा माणूस काढलाय."

"काय लिहिलंय?"

विनयानं वाचलं, "राजा को भी शिक्षा दो। प्रज्ञापथ। नया फाउंडेशन बैच, एडमिशन चालू।"

श्रीपादराव हसले. मग त्यांचं हसू थांबलं. "शिक्षेला अ‍ॅडमिशन कशी?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. रिक्षा सुटली.  पुलाखाली आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "विनया, जीनगर त्या सभेत काय म्हणाला असं तुला वाटतं?"

"राजाला शिकवा म्हणाला ना? मारू नका, शाळेत घाला. हातात सुई द्या, काहीतरी काम शिकू दे." तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. विनया सांगलीची, पण वही तिनं कधी उघडली नव्हती. हिंदी व्हिडिओ तिनं हिंदीच ऐकला होता. "बाबा, काय झालं?"

मराठी माणसाला 'ध'चा 'मा' शिकवावा लागत नाही. एका अक्षरानं पेशव्याचा जीव गेला, हे आपण पाळण्यात ऐकतो. इथं तर अक्षरसुद्धा बदललं नव्हतं. तोच शब्द, तीच लिपी, काना-मात्रा जागच्या जागी, आणि माणूस पार उलटा झाला होता.

मैत्रेयी संध्याकाळी घरी आली तेव्हा तिसरी वही टेबलावर होती.

"बस," श्रीपादराव म्हणाले. "शिक्षा म्हणजे काय?"

"शिक्षा? म्हणजे एज्युकेशन."

"मराठीत."

 एकदम तिचा हात तोंडाशी गेला. लहानपणी आई म्हणायची, गृहपाठ नाही केलास तर बाई शिक्षा करतील. शब्द तिला येत होता. वाचताना तो आठवला नव्हता, एवढंच.

"पण आजोबा, तुम्ही ऐकलं होतं. तुम्हीच म्हणालात, बरोबर पकडलंस."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

"आणि मी माझ्या डोळ्यांनी वाचलं." तिचा आवाज चढला. "आता काय करू मी? नोट्स छापून झाल्यात. टेस्टमध्ये प्रश्न टाकलाय, राजाला शिक्षण द्या असं कोण म्हणालं. आणि चांगलीच गोष्ट आहे ना ती? राजाला शिकवा. कोणाचं नुकसान झालं त्यात?"

"जीनगराचं."

"ते मेलेत, आजोबा. दोनशे वर्षं झाली."

"म्हणून तर. जिवंत असता तर त्यानं स्वतः सांगितलं असतं." श्रीपादरावांनी वही पुढं ओढली. "राजाला शिकवा, असं तेव्हा सभेबाहेर राजाचे वकील म्हणत होते. बिचारा अजाण आहे, सल्लागार वाईट मिळाले, समजावून सांगा, सुधारेल. हा म्हणाला, त्यानं जे केलं ते समजून केलं, त्याची शिक्षा झाली पाहिजे. फक्त मारून आपण त्याच्यासारखे होऊ नये. राजाचा वकील म्हणून त्याला दहा महिने कोठडीत ठेवलं. तो आरोप खोटा होता. तू आज तो दोन लाख लोकांपुढं खरा केलास."

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण माणूस दुखावला की नेमकं एक वाक्य जास्त बोलतो. "घरात अकरा वह्या असून तुला आपल्या भाषेतला एक शब्द कळला नाही," ते म्हणाले.

मैत्रेयी उठली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मला कोणी शिकवलीच नाही, आजोबा," ती म्हणाली आणि आत गेली.

गुरुवार, शुक्रवार श्रीपादराव खुर्चीत बसून होते. खरं सांगितलं तर पोरीचं नाव जाईल, पद जाईल, भर सभेत हसं होईल. नाही सांगितलं तर जीनगर तिसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी टाळ्यांच्या गजरात. बरं, वाईट तरी काय होतं? फाशीपेक्षा शाळा वाईट आहे असं कोण म्हणेल? एवढी वर्षं जो कोणालाच नको होता तो आता मुलांच्या तोंडी आहे. राहू दे की, असं त्यांना शुक्रवारी दुपारी खरोखर वाटलं. मग त्या टायपिस्टची आठवण झाली. तेव्हाही सगळे म्हणाले होते, श्रीपाद, एक बाजू घे आणि मोकळा हो.

शनिवारी त्यांनी मैत्रेयीला हाक मारली.

"मी उद्या येत नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांग. शाल मी घेणार नाही म्हणजे खोटं माझ्या अंगावर यायचं नाही. तू काही बोलू नकोस. तुझं सगळं व्हायचं आहे अजून."

"जीनगर असं म्हणाले असते?"

श्रीपादराव वहीवरून हात फिरवत राहिले.

"मी मुरलीधर सरांना विचारलं काल," ती म्हणाली. "ते म्हणतात, बोर्ड निघणार नाही. मी त्यांना नीट समजावलं, शिक्षा म्हणजे दंड. ते म्हणाले, मैडम, दंड के नाम पे कौन एडमिशन लेगा." ती खिन्न हसली. "तुम्ही या उद्या. कोट आलाय इस्त्रीहून."

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. श्रीपादरावांना समोर नुसता धूसर रंगांचा पट्टा दिसत होता, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं, पाचसहाशे मुलं तरी असावीत. मुरलीधरजी बोलले, दिवा लागला, कोणीतरी शाल त्यांच्या खांद्यावर टाकलीसुद्धा. नको म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही. ती शाल अंगावर घेऊन ते बसले होते तेव्हा मैत्रेयीचं नाव पुकारलं गेलं.

तिनं माइक हातात घेतला. "मैंने ग़लत पढ़ा," ती म्हणाली.

सभागृहात कोणीतरी हसलं. तिनं हिंदीतच सगळं सांगितलं. मी मराठी घरातली आहे, पण मराठी हिंदीसारखी वाचते. माझ्या आजोबांनी लिहिलेला शब्द मी माझ्या सोयीनं घेतला. या माणसानं राजाला शाळेत घाला असं कधीच म्हटलं नव्हतं. गुन्हा झालाय, त्याची शिक्षा द्या, असं म्हटलं होतं, आणि ज्या दिवशी सगळे रक्त मागत होते त्या दिवशी रक्त नको म्हणाला होता. तो राजाचा मारेकरी नव्हता आणि राजाचा वकीलही नव्हता. तुमच्या नोट्समधलं पान फाडून टाका. टेस्टमधला प्रश्न चुकीचा आहे, आणि तो मीच घातला होता. तिचा आवाज दोनदा फाटला, पण ती बोलत राहिली.

मग मुरलीधरजींनी माइक घेतला. वाईट माणूस नव्हता तो, दुकान चालवणारा होता. मैत्रेयी मॅडमचा हा मोठेपणा आहे, ते म्हणाले, पण भाव तर तोच ना, मारू नका. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विभागप्रमुखाची घोषणा त्या दिवशी झाली नाही. नंतर झाली ती दुसऱ्याच्या नावाची.

कार्यक्रम संपला आणि खुर्च्या वाजायला लागल्या. श्रीपादराव शाल घडी करत बसले होते. कोणीतरी जवळ येऊन उभं राहिलं. "दादाजी, फिर राजा का क्या हुआ?" एका मुलीनं विचारलं.

"मार डाला," श्रीपादराव म्हणाले.

"और इनका?"

त्यांनी सांगितलं. तुरुंग, सुटका, म्हातारपण. मुलं मध्येच काहीबाही विचारत राहिली. जेवणाची घंटा झाली तेव्हा ती गेली.

"किती जण होते?" त्यांनी मैत्रेयीला विचारलं.

"सात."

"दोन जास्त," श्रीपादराव म्हणाले. जीनगराच्या मयताच्या पाच माणसांची गोष्ट तिला ठाऊक होती. तिनं त्यांचा हात धरला आणि ते पायऱ्या उतरले.

गोपालपुऱ्याचा बोर्ड आजही आहे. चुकीची कबुली देणारा एक लहानसा व्हिडिओ मैत्रेयीनं स्वतःच्या नावावर टाकला, तो चारशे लोकांनी पाहिला. ती क्लासमध्ये शिकवते अजून, पण सकाळची पहिली तुकडी, जिथं मुलं पेंगत असतात. हे सगळं सोसून झालं असं श्रीपादरावांना वाटत होतं, आणि आपण या प्रकरणात तेवढे चुकलेलो नाही, असंही.

पंधरा दिवसांनी, दुपारी, मैत्रेयी तिसरी वही घेऊन त्यांच्याजवळ बसली. "मी मोठ्यानं वाचते. चुकलं की सांगा." ती बोट ठेवून वाचत होती. भाषणाच्या पानावर आली आणि थांबली.

"आजोबा, इथे बाजूला काहीतरी लिहिलंय. पेन्सिलनी. खूप पुसट आहे."

"तुझी आजी असेल. शेरे मारायची ती. मागच्या वेळी नाही दिसलं?"

"तिचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं." तिनं वही खिडकीकडं नेली. एकेक शब्द जुळवत वाचू लागली. "शिक्षाच्या खाली रेघ आहे. इथं... इथं दंड लिहा. कौशिकची मुलं... जयपुरात वाढतील. त्यांना... शिक्षा म्हणजे शाळा वाटेल." ती थांबली. "तारीख आहे. अठ्ठ्याण्णव. मतलब, मी झाले पण नव्हते."

श्रीपादरावांना सगळं आठवलं. हेच टेबल होतं. मधुमती चष्मा कपाळावर चढवून बोलली होती, आणि ते वैतागून म्हणाले होते, दंड म्हणजे वाचनालयाचे आठ आणे, मी मराठी पुस्तक लिहितोय, जयपूरसाठी नाही लिहीत, आणि माझी नातवंडं मराठी वाचतील. त्यावर तिनं विचारलं होतं, शिकवणार कोण? ते उत्तर न देता लिहायला बसले होते. तिच्यामागं तेवीस वर्षं ते त्याच टेबलावर बसून लिहीत होते, आणि पलीकडच्या खुर्चीवर एक मुलगी हिंदी पुस्तकं वाचत मोठी झाली होती.

त्यांनी हे तिला सांगितलं. काही वगळलं नाही.

"त्या दिवशी तुला बोललो ते चुकलं माझं," ते म्हणाले. "चूक तुझी नव्हती, माझी होती. माफ कर मला, बाळ."

 मैत्रेयीनं वही पुन्हा मांडीवर घेतली आणि भाषणातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"शिक्षेवाचून माफी म्हणजे पुन्हा मुजरा," तिनं वाचलं. या वेळी ती अडखळली नाही. "तुम्हीच लिहिलंय."

श्रीपादरावांनी मान हलवली. "मग दे शिक्षा."

"रोज एक तास. मी वाचणार, चुकणार, तुम्ही सांगायचं. सगळ्या वह्या."

"अकरा आहेत त्या. मी चौऱ्याऐंशीचा आहे."

"मग आज दोन तास," मैत्रेयी म्हणाली आणि तिनं तिसरी वही मिटून पहिली उघडली.